तरण्या घोड्याला वाट शिकवताना

पान का सडलं, भाकरी का करपली, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. लहानपणी हे कोडं आम्ही एकमेकांना घालायचो तेव्हा आख्ख्या वाडीत कुणाकडे घोडा नव्हता. आता माझ्याच वाड्यात दोन आहेत, आणि घोड्यापुरतं ते उत्तर मला अर्धवट वाटतं. दापोलीपासून गुहागरपर्यंतच्या किनाऱ्यावर मी जे अडलेले, बुजरे, चावरे घोडे पाहिले, त्यातले बरेचसे वेळेआधी फिरवल्यामुळे बिघडलेले होते.

हा लेख पहिल्यांदाच तरणा घोडा घेणाऱ्यांसाठी आहे. शर्यत, वरात किंवा पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, पर्यटकांना फेऱ्या मारणं, यातलं काही इथे मिळणार नाही. सड्याच्या उघड्या कातळावरून, आमराईतून, पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून, पऱ्ह्या म्हणजे ओढा ओलांडून दोन-तीन तास शांतपणे चालणारा घोडा घडवायचा असेल तर काय करावं, एवढंच सांगतो. याला दीड ते दोन वर्षं लागतात. कुणी तीन महिन्यांत तयार करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

जनावर घेताना

कोकणात घोड्याचा बाजार भरत नाही. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेडा, नांदेडकडे माळेगावची खंडोबाची यात्रा, किंवा अकलूज, असं घाटावर जावं लागतं. पहिल्या वेळी घोडा कळणारा माणूस बरोबर न्या. बाजारात लोक आधी भोवरे बघतात: कपाळावर कुठला, गळ्याखाली कुठला, शुभ की अशुभ. मी भोवऱ्याला नाकं मुरडत नाही, कारण ‘अशुभ’ भोवऱ्याचं चांगलं जनावर स्वस्तात पदरात पडतं. तुम्ही मात्र पाय, खूर, डोळे आणि दात बघा.

दातांवरून वय कळतं. घोड्याला वर सहा आणि खाली सहा पुढचे दात असतात. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास दुधाची पडून पक्की येते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. विकणारा ‘पाच वर्षांचा, बसायला तयार’ म्हणत असेल आणि कडेचे दात अजून दुधाचेच असतील, तर काय ते समजा.

वयावर एवढा जोर देण्याचं कारण हाडांत आहे. हाडांची वाढणारी टोकं सगळी एकाच वेळी पक्की होत नाहीत. पुढच्या पायाच्या गुडघ्याजवळची अडीच वर्षांच्या आसपास जुळतात, पण ज्या पाठीवर तुम्ही बसणार त्या कण्याचं काम पूर्ण व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात. तीन वर्षांचा घोडा उंचीला पुरा दिसतो आणि तिथेच नवखा माणूस फसतो. माझा हिशोब असा: अडीच वर्षांपर्यंत फक्त हाताळणी, साडेतीनच्या पुढे हलकी मांड (म्हणजे पाठीवर बसणं), चार पूर्ण झाल्यावर छोट्या वाटा, आणि चढ-उताराची लांब वाट पाचच्या पुढे.

जातीचं फार मनावर घेऊ नका. आत वळलेल्या, टोकं एकमेकांना टेकलेल्या कानांचे मारवाडी-काठेवाडी रुबाबदार दिसतात आणि बहुतेक उत्तम असतात, पण नवख्याच्या हाताला काही जरा तापट वाटतात. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येणाऱ्या मेंढपाळ धनगरांचं बिऱ्हाड ज्यांच्या पाठीवर असतं, ती भीमथडीची तट्टं एकदा नीट बघा. ठेंगणी, काटक आणि पायांनी पक्की. माझी म्हातारी घोडी चंद्रा तसल्याच रक्ताची आहे.

नाचकाम शिकवलेला घोडा मात्र घेऊ नका. वरातीसाठी नाचवताना लगाम आखडून धरतात आणि वर टाच मारतात, म्हणजे ‘थांब’ आणि ‘चल’ एकाच वेळी सांगतात. असल्या घोड्याचे ओठांचे कोपरे बघा, चिरलेले किंवा घट्टे पडलेले असतात. वाटेवर तो गोंधळतो, आणि अरुंद पाखाडीवर गोंधळलेला घोडा फार वाईट. काटेरी लगामाला तर १९६५ च्या भारवाहक जनावरांच्या नियमांनी बंदीच आहे, तरी तो बाजारात लटकलेला दिसतो.

नर घेतलात तर पशुवैद्याकडून खच्ची करून घ्या. चारचौघांच्या घोड्यांबरोबर वाटेवर जायचं असेल तर आंड घोडा सांभाळणं नवख्याचं काम नव्हे.

पहिला पंधरवडा: काही करू नका

माझा तरणा घोडा पाखऱ्या आमच्याकडे मार्गशीर्षात आला. अडीच वर्षांचा, टेम्पोतून घाट उतरून. पहिले पंधरा दिवस मी त्याच्या जवळ खुर्ची टाकून पेपर वाचायचो. शेजारी हसत होते, हसू द्यावं.

घोडा कळपाचं जनावर आहे, एकटा ठेवला की कुढतो. दुसरा घोडा परवडत नसेल तर निदान गाय किंवा शेळी तरी दिसेल असा बांधा. खाणं एकदम बदलू नका. बाजारातून येताना त्याच्या सवयीचा कडबा चार-सहा दिवस पुरेल एवढा आणा आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू इथल्या गवतावर वळवा, नाहीतर पोटशूळ ठरलेलाच. सुक्या चाऱ्याचा अंदाज रोज वजनाच्या दोन टक्के. अडीचशे किलोच्या घोड्याला पाच किलो. आपला भाताचा पेंढा तोंडी लावायला ठीक, त्यावर घोडा पोसला जात नाही. भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी काम वाढेल तशी वाढवा; बसून खाणाऱ्या तरण्या घोड्याला जास्त चंदी दिली की ती अंगाला लागायच्या आधी डोक्यात जाते. मिठाचा खडा गव्हाणीत कायम हवा, कारण आपल्या दमट हवेत घोडा घामावाटे भरपूर मीठ घालवतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की पाळावी: वाळूवर वैरण टाकू नये. गवताबरोबर वाळू पोटात जाते, आतड्यात साठते आणि एक दिवस घोडा लोळायला लागतो. शंका आली तर मूठभर लीद पारदर्शक पिशवीत पाण्यात कालवून टांगून ठेवा. तळाशी वाळूचा थर बसला तर जागा बदला आणि डॉक्टरांना सांगा. अंगणातली कण्हेर काढून टाका. तिची थोडी पानंसुद्धा घोड्याला मारू शकतात. घाणेरीही वाईटच.

धनुर्वाताची लस आधी टोचा. नाल, खिळे आणि खुरांच्या जखमा यांमुळे घोड्याला तो धोका मोठा. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक गायी-म्हशी येतात, म्हणून घोड्याचा अनुभव असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा नंबरही गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.

दोरी आणि ढील

सगळं शिक्षण इथेच आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

घोडा ओढण्याने शिकत नाही. ओढलं की तो उलटा ओढतो, आणि तीनशे किलोशी रस्सीखेच कोण जिंकणार ते उघड आहे. तो शिकतो ढिलेतून. म्होरकीला लावलेल्या दोरीवर बोटभर ताण द्या आणि धरून ठेवा. झटका नाही, वाढवणं नाही. तो आधी मान वर करेल, मागे सरेल, तुमच्याकडे बघेल. ताण तसाच. मग कधीतरी त्याचं वजन नखभर पुढे येईल. पाऊल पडायची वाट न बघता त्याच क्षणी दोरी सोडा, आणि पाचेक श्वास काही मागू नका. पुन्हा करा. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो पाऊल टाकेल. आपण पुढे झालो की तो त्रास थांबतो, हे त्याला कळलेलं असतं.

नवखा माणूस बरोबर उलटं करतो. घोडा पुढे येतोय असं दिसलं की उत्साहाने आणखी ओढतो. घोड्याच्या हिशोबी मग पुढे आलं तरी त्रास आणि मागे गेलं तरी त्रास. असं आठ दिवस झालं की घोडा अडतो, आणि मालक म्हणतो, हट्टी आहे.

याच रीतीने पुढच्या गोष्टी शिकवा. छातीवर बोटं टेकवली की मागे. कुशीवर तळवा ठेवला की मागचे पाय बाजूला. मागचं धड बाजूला घ्यायला शिकलेला घोडा उधळायला निघाला तर त्याला गोल वळवून थांबवता येतो. वाटेवर हा तुमचा खरा ब्रेक. आणि सगळ्यात अवघड म्हणजे नुसतं उभं राहणं. मी गडग्यावर बसून शेंगा सोलत असताना त्याने शेजारी सैल दोरीवर उभं राहायचं, हा धडा पाखऱ्याला पाठ व्हायला दोन महिने लागले.

दिवसातून पंधरा-वीस मिनिटं पुरेत, सकाळ-संध्याकाळ दोनदा केलं तरी चालेल. त्याने मान खाली सोडली, ओठ चाटले, डोळ्यांची उघडझाप सुरू केली की समजा, आत काहीतरी पोचलं. तिथेच त्या दिवसाचा धडा थांबवा. ‘अजून एकदा बघूया’ या मोहाने मी कितीतरी चांगल्या सकाळी वाया घालवल्यात. कान मागे चिकटले, शेपूट फटकारू लागली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, तर तुम्ही पुढे धावलात. एक पायरी मागे या आणि त्याला येतं असलेलं सोपं काहीतरी मागून संपवा.

पाय उचलायला याच दिवसांत शिकवा. नालबंद आपल्याकडे रोज येत नाही, आणि आला की त्याला वेळ नसतो. त्या दिवशी घोडा पाय देत नसेल तर दोरखंडांनी आडवा पाडून नाल ठोकतात. मग जन्मभर तो पाय देत नाही. खांद्यापासून हात फिरवत खाली आणा, पायाचं वजन हलकं झालं की लगेच हात काढा. इथेही ढीलच.

बांधायचं ते नेहमी म्होरकीने, लगामाने कधी नाही. घोड्याच्या खांद्याच्या उंचीवर, आणि एका ओढीत सुटेल अशा गाठीने. घोड्याच्या जवळ चपला घालून जाऊ नका. हे लिहिताना मला माहीत आहे की आपण सगळे चपलाच घालतो. माझ्या डाव्या पायाचा अंगठा पावसाळा आला की अजून ठणकतो.

बुजणं

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त नाकासमोरचा थोडा पट्टा आणि शेपटीमागचा भाग सुटतो. म्हणून नेहमी खांद्याच्या बाजूने, बोलत जवळ जा. उजवीकडून पाहून ओळखीची झालेली वस्तू डावीकडून दिसली की तो पुन्हा दचकतो. प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी दाखवावी लागते.

कोकणात घोडा कशाला बुजतो याची यादी मी दोन वर्षं करत होतो. वाऱ्याने फडफडणारी निळी ताडपत्री. माडावरून पडणारी झावळी. एकदा ऐकली की तो आठवडाभर वर बघत चालतो. वाळत घातलेली जाळी, लाल एसटीचा हॉर्न, छत्री उघडणं, कोंबड्यांची फडफड, आणि शिमग्यातली पालखी, तिच्याबरोबरचे ढोल आणि खालू बाजा. यातली निम्मी कामं घराच्या अंगणातच करता येतात.

ताडपत्री लांब, त्याला दिसेल पण भीती वाटणार नाही इतक्या अंतरावर टाका. अंतर घोडाच सांगतो: कान टवकारले पण पाय थांबले नाहीत, तर अंतर बरोबर. तिकडे दोन पावलं जा आणि तो घाबरायच्या आधी वळून परत या. यातलं परत येणं महत्त्वाचं. आपल्याला त्या वस्तूपासून लांब जाता येतं, हे कळलेला घोडा जवळ जायला तयार होतो. दहा दिवसांत नाक लावेल, मग खूर आपटेल, मग वरून चालेल. पुढे तीच ताडपत्री घडी करून पाठीवर, मग थोडी उलगडून. घोडा फुरफुरला की रागावू नका. तो वास घेत असतो.

ढोलासाठी मी वाडीतल्या पोरांना धरलं. शिमग्याआधी त्यांचा सराव चालतोच. पाखऱ्याला दोन शेतं पलीकडे गवत टाकून उभा केला, रोज एक खाचर जवळ. आठव्या दिवशी तो ढोलाकडे पाठ करून चरत होता. चंद्रा शेजारी होतीच. शांत म्हाताऱ्या घोडीइतका चांगला गुरू दुसरा नाही, आणि ती फी घेत नाही.

आता माझी चूक. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईची मंडळी आली. पाखऱ्या एव्हाना वाडीत शहाण्यासारखा चालत होता. सगळ्यांचा आग्रह पडला, पुळणीवर घेऊन चला, फोटो काढू. संध्याकाळची वेळ, गर्दी, फुगे, समोर पॅराशूटला बांधलेला माणूस आकाशात. मी दोरी हाताला गुंडाळून घेतली होती, जे कधीही करू नये. लाटेचा फेस पायाशी आला आणि तो उधळला. मी वीसेक फूट घसपटत गेलो, तळहाताची कातडी दोरीबरोबर गेली. तो सुरूच्या बनात सापडला, थरथरत. त्यानंतर शेवटच्या सुरूच्या पुढे पाऊल टाकायला त्याने पाच महिने घेतले. पाच मिनिटांच्या हौसेचा हा भाव.

वाट आधी पायी

ज्या वाटेवर पुढे बसून जायचं, ती सगळी आधी त्याला दोरीवर घेऊन पायी चाला. यातून त्याला वाट कळते आणि तुम्हालाही घोड्याच्या डोळ्याने ती दिसते.

सड्यावरचा कातळ दिवाळीनंतर कोरडा आणि पकड देणारा असतो. पावसाळ्यात आणि नंतरही सावलीच्या जागी शेवाळ राहतं, तिथे नाल घसरतो. जांभ्याच्या कडा बिननालाच्या खुराला लवकर झिजवतात, म्हणून वाट लांबवायच्या आधी नालबंदाचा सल्ला घ्या. गडग्याच्या कडेच्या गवतात त्याला तोंड घालू देऊ नका. जांभ्याच्या कपारीत फुरसं असतं. हापूसच्या बागांतून वाट असेल तर मोहोरापासून फळ उतरेपर्यंत झाडांखाली चरू देऊ नका, फवारण्या चालू असतात. अर्थात मालकाला विचारूनच बागेत शिरायचं, आणि बेडं, म्हणजे बागेचं फाटक, परत लावून निघायचं.

पाखाडी चढायला सोपी, उतरायला कठीण. उतरताना तरणा घोडा घाई करतो, कारण तोल सांभाळण्यापेक्षा पळणं त्याला सोपं वाटतं. प्रत्येक पायरीवर थांबा. एक पाऊल, थांबा, ढील. आमच्या वाडीच्या पाखाडीला सदतीस पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी आम्ही पाच उतरलो आणि बाजूच्या पायवाटेने घरी आलो.

पऱ्ह्यासाठी माघ-फाल्गुनातलं घोटाभर पाणी बघा. घोड्याला पाण्याची खोली कळत नाही, म्हणून तो आधी उडी मारून ओलांडायला बघतो. तुम्ही त्याच्या समोर नका, बाजूला उभे रहा. चंद्रा पुढे गेली की तो मागून येतो. साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या लाकडी पुलावर, आधी स्वतः पाय आपटून बघा. पोकळ आवाजाला तो थांबेल, थांबू द्या. कुजक्या फळीवरून जायला नाकारणारा घोडा तुमच्यापेक्षा शहाणा असतो. सांजवेळी रानात मध्येच खिळून उभा राहिला, कान एकाच दिशेला लावले, तर वाद घालू नका. बिबट्या आपल्या आधी त्याला कळतो. वळा आणि घरी या.

पुळण आणि भरतीचं गणित

पुळणीवर जायचं ते भल्या सकाळी, ओहोटीला. कोकणातलं जुनं गणित सोपं आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. जागेप्रमाणे थोडं पुढेमागे होतं, तेव्हा बंदरावर कोळ्यांना विचारून घ्या. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे पाणी आत गेलेलं असतं आणि सहा-साडेसहाला ओली, टणक, रुंद पुळण मिळते. अष्टमीला त्याच वेळी पाणी सुरूपर्यंत असतं. पण उधाणाचं पाणी परत येतानाही वेगाने येतं, म्हणून खाडीचं मुख ओलांडून पलीकडे जाऊ नका. खाजणाच्या चिखलात तर घोडा घालूच नका, पोटापर्यंत रुततो.

वरची कोरडी भुसभुशीत वाळू पायांच्या शिरांवर फार ताण टाकते. तरण्या घोड्याला तिच्यावरून दहा मिनिटं चाल पुरे, दुडकी नको. लाटांची ओळख ताडपत्रीसारखीच करायची, लांबून, येत-जात, पाण्याला समांतर. लाट मागे जाताना पायाखालची वाळू सरकते, त्याची घोड्याला लाटेपेक्षा जास्त भीती वाटते. चक्कर आल्यासारखा तो डगमगतो. तो पाण्याकडे बघतोय तोवर चालत रहा, उभे राहू नका.

खोगीर आणि पहिली मांड

पावसाचे चार महिने आमच्या पथ्यावर पडले. बाहेर जाता येत नाही, मग पडवीत खोगिराची ओळख. आधी पाठीवर गोणपाट, मग घोंगडी, मग रिकामं खोगीर. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळू नका. आज एक भोक, चार दिवसांनी दुसरं. रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, कुशीला लागून हलू देत.

लगाम साधा, गुळगुळीत, मध्ये एक सांधा असलेला. तोंडात घालण्याआधी पशुवैद्याला दात दाखवा. काही घोड्यांना दाढांच्या पुढे एक छोटा जादा दात असतो, त्यावर लगाम आपटला की दुखतं आणि घोडा उगाच वाईट ठरतो. लगामाला गूळ चोळला की तो तोंड स्वतःच उघडतो. मग लांब दोऱ्या लावून मागून चालत वळायला शिकवा. लांब दोरीवर गोल फिरवायचं तर वर्तुळ पंधरा मीटरपेक्षा लहान नको आणि वेळ दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. लहान वर्तुळात पळवून ‘दमवणं’ ही कोवळे सांधे बिघडवायची हमखास युक्ती आहे.

बसायच्या आधी वजनाचा हिशोब. काट्यावर घोडा चढत नाही, पण टेप चालते. खांद्यामागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतच्या लांबीने गुणा, ११,८८० ने भागा. पाखऱ्या साडेतीन वर्षांचा असताना घेर १५० आणि लांबी १४० होती, म्हणजे २६५ किलो. खोगीर धरून वीस टक्क्यांच्या वर भार नको, म्हणजे ५३ किलो. खोगीर आठ किलोचं आणि मी ५८ चा. बसणार कसा? शेवटी माझी चाळीस किलोची पुतणी बसली. मी वर्षभर घोडा शिकवला आणि पहिली मांड तिने घेतली, हे ती मला अजून ऐकवते.

पहिल्या दिवशी ती फक्त रिकिबीत पाय ठेवून वजन टाकायची आणि उतरायची, दोन्ही बाजूंनी. तिसऱ्या दिवशी पाठीवर पोटावर आडवी पडली. सातव्या दिवशी पाय पलीकडे टाकून बसली, मी दोरी धरून. पाच पावलं आणि खाली. डोक्याला हेल्मेट, पायात टाच असलेले बूट. रिकिबीत पाय अडकून फरपटत जाणं हा सगळ्यात वाईट अपघात. लगाम हातात असला तरी ओढायचा नाही, गरज पडली तर आयाळ धरायची. मी कधी बसलो? तो पाच वर्षांचा आणि ३३० किलोंचा झाल्यावर. वीस टक्के बरोबर ६६.

बसून पहिल्या फेऱ्या

पहिला महिना वीस मिनिटं, फक्त चाल, ओळखीच्या वाटेवर. आधी चंद्रा पुढे आणि तो मागे. मग शेजारी. मग तो दहा पावलं पुढे आणि परत मागे. मग चंद्रा वळणाआड थांबायची आणि तो एकटा पुढे जाऊन परत यायचा. कळपातून वेगळं होणं घोड्याला सगळ्यात जड जातं, आणि पुष्कळसे घोडे ‘अडतात’ ते इथेच. बारा-पंधरा दिवस रोज थोडं लांब.

परतताना घराकडे पळू देऊ नका. कुंपण दिसलं की पुन्हा मागे फिरा, पन्नास पावलं जा, मग या. कधी अलीकडेच उतरा, तंग सैल करा आणि शेवटचा टप्पा शेजारी चालत या.

भर दुपारी निघू नका. कायद्याने ३७ अंशांच्या वर पारा असेल तर बारा ते तीन भारवाहक जनावर कामाला लावता येत नाही. आपल्याकडे पारा कमी असला तरी दमटपणामुळे घाम वाळत नाही, म्हणून मी मार्चपासून आठच्या आत परततो. घाम येणं अचानक बंद झालं, अंग कोरडं आणि श्वास जोरात, तर तो आजार आहे. सावली, अंगावर पाणी आणि डॉक्टर. जबड्याखालच्या शिरेवर बोटं ठेवून ठोके मोजायला आधीच शिका. विसाव्याला मिनिटाला २८ ते ४४, आणि चालून आल्यावर पंधरा मिनिटांत साठाच्या आत उतरायला हवेत. ताप ३८.५ च्या वर गेला, विशेषतः गोमाश्यांच्या दिवसांत, तर रक्त तपासा. सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार त्यांच्याच चावण्यातून पसरतो आणि महिनाभर सुस्ती म्हणून दुर्लक्षिला जातो.

परतल्यावर

तंग लगेच सोडा, खोगीर दहा मिनिटांनी. पाठीवर हात फिरवा. खोगिराखाली घामाचा पट्टा एकसारखा ओला हवा, मध्येच कोरडा डाग असेल तर तिथे दाब पडतोय. साध्या पाण्याने धुवा आणि हाताच्या कडेने पाणी निपटून काढा, नाहीतर ते अंगावरच तापतं. समुद्रात गेला असेल तर पोटाखाली आणि तंगाच्या जागी मीठ राहता कामा नये. खुरांच्या खाचा कोरा, जांभ्याचे खडे त्यात घट्ट बसतात. कुजका वास आला तर गोठ्याची जमीन ओली आहे. पावसाळ्यात हे रोज बघावं लागतं. पाणी पिऊ द्या, गवत टाका. चंदी तासाभराने.